पाटाच्या पाण्याची चौथी शक्यता

रावसाहेब जहागीरदार दर आठवड्याला पाटाच्या पाण्याची पाळी दोन नाणी उडवून ठरवत. दोन्ही छापे पडले तर पाणी वरच्या आळीला, दोन्ही काटे पडले तर खालच्या आळीला आणि एक छापा, एक काटा पडला तर त्यांच्या बागेला. "तीन शक्यता, तिघांना एकेक. याहून चोख न्याय कुठला?" असं ते म्हणत.

एकदा खालच्या आळीची सगुणा चावडीवर उभी राहिली. "सरकार, आज एक नाणं चांदीचं घ्या, एक तांब्याचं."

त्यांनी हसत घेतलं.

"आता चांदीचा छापा नि तांब्याचा काटा ही एक शक्यता. तांब्याचा छापा नि चांदीचा काटा ही दुसरी. म्हणजे एकूण चार झाल्या, आणि त्यातल्या दोन तुमच्या."

"नाण्यानाण्यात कसला फरक? दोन्ही सारखीच!"

"सारखीच ना? मग चांदीचं मला द्या, तांब्याचं तुम्ही ठेवा."

सगळी चावडी हसली. रावसाहेबांनी पाणी आळीपाळीने सोडायचं कबूल केलं.

संध्याकाळी शेतात पाणी आलं, तेव्हा सगुणा बांधावर बसून रडली. पाण्याची पाळी न लागल्याने घरची मोसंबीची बाग वाळली त्या साली तिचे वडील "माझंच नशीब फुटकं" म्हणतच वारले होते, आणि तिनेच त्यांना म्हटलं होतं, "खरंय, आबा."