बंबाची वाट

"...पण आक्का, बंब पेठेत शिरणारच नसेल, तर केंद्र तिथं बांधून करायचं काय?"

एवढं बोलून प्रल्हाद तारळेकर भिंतीला टेकला. याला उत्तर नाही, याची त्याला खात्री होती.

प्रल्हाद शिरगुंडी महानगरपालिकेच्या स्थायी समितीचा सभापती. शहराचा पैसा कुठं जायचा आणि कुठं नाही, हे त्याच्या टेबलावर ठरायचं. यंदाच्या अंदाजपत्रकात नव्या अग्निशमन केंद्राची तरतूद होती. केंद्र एकच. ते नदीपलीकडच्या नव्या वसाहतीत बांधायचं, असं जवळपास ठरल्यात जमा होतं.

आणि समोर चटईवर बसलेल्या गोदूआक्का ते ठरू देत नव्हत्या.

गोदूआक्का म्हणजे मागपेठेतल्या विणकरांच्या मठाच्या गुरू. वयानं पाठ वाकली होती, आवाज वाकला नव्हता. प्रल्हाद याच पेठेत जन्मला, याच मठात पाढे शिकला, आक्कांच्या हातचा मार खाऊन मोठा झाला. पुढं तो शिकला, निवडून आला, नव्या वसाहतीत बंगला बांधून राहायला गेला.

त्या आठवड्यात आक्का पेठेतल्या बायका घेऊन महापालिकेच्या पायऱ्यांवर जाऊन बसल्या होत्या. सभा झालीच नाही. मग सभापती स्वतः मठात आला. समजूत घालायला, असं तो बरोबरच्यांना म्हणाला होता.

खरं तर तो जिंकायला आला होता.

"नवी वसाहतच का?" आक्कांनी विचारलं.

"तिथून वर्दी जास्त येते."

"वर्दी म्हंजे?"

"आग लागल्याचा फोन. जिथून जास्त फोन, तिथं जास्त गरज. आराखडा असाच होतो, आक्का. मागपेठेतून वर्षभरात बोटांवर मोजण्याइतके फोन येतात."

"आगी तर सारख्या लागत्यात. कापसाची धूळ, उघड्या वायरी. आठवड्याला कुठंतरी धूर निघतोच."

"मग फोन का करत नाहीत?"

"केला तर कोण येतंय?"

प्रल्हादनं नजर चटईवर वळवली.

"तुम्ही येत न्हाई म्हणून आम्ही बोलवत न्हाई. आम्ही बोलवत न्हाई म्हणून तुम्ही येत न्हाई. आणि ह्याला तू आराखडा म्हणतोस."

बाहेर मागांचा खडखडाट चालू होता. गेल्या वैशाखात याच पेठेत एका शेडला आग लागली होती. सुताच्या कांड्या भरणाऱ्या दोन बायका आत अडकल्या. बंब आला, पण पेठेच्या तोंडाशीच थांबला. जवानांनी पाइप ओढत नेले... तोवर उशीर झाला होता. प्रल्हाद त्या दिवशी तिथंच उभा होता, पांढऱ्या कपड्यात. एका बाईनं त्याच्या अंगावर रिकामी घागर फेकली होती. ती लागली नाही. पण तेव्हापासून तो पेठेत पाय ठेवताना इकडंतिकडं बघायचा.

"मला पुन्हा तेच व्हायला नकोय," तो म्हणाला. "म्हणून सांगतो, इथं पेठेबाहेरच्या रस्त्यावर केंद्र बांधलं तरी बंब आत जाणार नाही. शहराचे पैसे वाया जातील."

"बोळ रुंद कर."

"बोळ आतून बरा आहे. अडचण तोंडाशी आहे."

"कसली?"

याचं उत्तर प्रल्हादकडं होतं. ते त्यानं शेवटासाठी राखून ठेवलं होतं. आता ते जिभेवर आलं, तर जड वाटायला लागलं.

"बोल की," आक्का म्हणाल्या.

"तुमची कमान, आक्का. आणि तिला लागून स्वामींचा ओटा."

मठाचा कारभारी रुद्राप्पा कोपऱ्यात वाती वळत बसला होता. त्याचा हात थांबला.

पेठेच्या तोंडावरच मठाची दगडी कमान होती आणि तिच्या पायाशी सिद्धाप्पा स्वामींची समाधी. स्वामी म्हणजे आक्कांचे गुरू. त्यांना तिथंच पुरलं होतं, वर काळ्या दगडाचा ओटा. पेठेतलं नवं बाळ आधी त्या ओट्यावर ठेवायचे, मग पाळण्यात. प्रल्हादलाही ठेवलं होतं.

"त्या दिवशी बंब तिथं अडला," प्रल्हाद म्हणाला. "कमानीत."

आक्कांनी मान वळवून कमानीच्या दिशेनं पाहिलं.

"मला सांगितलं, बोळात अडला."

"तुम्हाला कोण सांगणार?"

"तू सांगायचंस."

प्रल्हादनं मान खाली घातली.

"तुला ठाऊक होतं, तरी तू बोलला न्हाईस."

"भीती वाटली," प्रल्हाद म्हणाला आणि मग त्याचाच त्याला राग आला. आवाज चढला. "होय, भ्यालो! समाधीला हात लावा म्हणणारा इथून निवडून येईल का? पेठेच्या रस्त्याच्या आराखड्यात बाकी सगळ्यांच्या पायऱ्या तोडायला काढल्या, गटारावरचे कट्टे काढले. कमानीचं नाव घ्यायची एकाही अभियंत्याची छाती झाली नाही. माझी झाली नाही. आणि आक्का, तुमचीही होणार नाही. म्हणून म्हणतो, हा हट्ट सोडा."



आक्का उठल्या. रुद्राप्पाला वाटलं, त्या आता सभापतीला बाहेर काढणार. त्याला बरंही वाटलं.

त्या चालत कमानीपाशी गेल्या. प्रल्हाद मागून गेला. आक्कांनी ओट्यावरचे हार उचलले, बाजूला ठेवले. डोकं टेकवलं नाही. हात मात्र एकदा दगडावरून फिरवला, झोपलेल्या माणसाच्या कपाळावरून फिरवावा तसा.

"किती हटवायचं?"

"आक्का..."

"किती, विचारलं."

"सगळं," प्रल्हाद म्हणाला. "कमान आणि ओटा, दोन्ही."

"आक्का!" रुद्राप्पा ओरडला आणि सरळ ओट्यावर आडवा पडला. "आधी माझ्यावर घाव घाला!"

"नीज तिथं," आक्का म्हणाल्या. "स्वामींनाबी सोबत हुईल."

माणसं जमली. माग थांबले. कुणी तरी म्हातारी रडायला लागली.

"मी हरकत घेणार न्हाई," आक्का प्रल्हादला म्हणाल्या, पेठेला ऐकू जाईल अशा आवाजात. "तुझी नोटीस काढ. तुझा ठराव कर."

"तुम्ही नाही घेणार. हे घेतील." त्यानं गर्दीकडं हात केला.

"ह्यांना मी बघते. तू तुझ्या लोकांना बघ."

आणि त्या आत निघून गेल्या.

प्रल्हाद तिथंच उभा राहिला. जिंकायला आलेला माणूस, आणि आता हरायलाही जागा उरली नव्हती.

*

त्याचे लोक म्हणजे बापूसाहेब खणगावे. पक्षाचे शहरातले धनी. नव्या वसाहतीतले बरेचसे प्लॉट त्यांचेच, आणि शेजारी अग्निशमन केंद्र आलं की प्लॉटचा भाव चढतो हे त्यांना पाठ होतं.

सभेआधी त्यांनी प्रल्हादला दालनात गाठलं.

"सभापती तुला कुणी केलं?"

"तुम्ही, बापूसाहेब."

"मग कुणाचं ऐकायचं?"

प्रल्हादनं तळहात पांढऱ्या पॅन्टला पुसले. होय म्हणायला तोंड उघडलं, आणि तोंडातून भलतंच आलं.

"तुम्ही मला खुर्चीवर बसवलंत. बसून काय करायचं ते आता मी बघतो."

बापूसाहेब हसले. रागावले असते तर प्रल्हादला कमी भीती वाटली असती.

सभेत आरडाओरडा झाला. वर्दीचे आकडे वाचले गेले. एक सदस्य म्हणाला, जिथून मागणीच नाही तिथं खर्च कशाला?

प्रल्हाद उठला. सभापतीनं असं उठायचं नसतं.

"मागणी नाही, कारण त्यांनी आपली आशा सोडलीय," तो म्हणाला. "ज्यांनी आशा सोडली त्यांना वगळून आपण शहर वाचवायला बसलोय. मी त्या पेठेतला आहे. त्या दिवशी बंब अडला तेव्हा मी तिथं उभा होतो. कशाला अडला ते मला माहीत होतं, आणि मी गप्प बसलो. आज बसणार नाही. घ्या मतं."

मतं समसमान पडली. सभापतीचं मत निर्णायक असतं. प्रल्हादनं हात वर केला.

केंद्र मागपेठेला मंजूर झालं. त्याच ठरावात कमान आणि ओटा हटवणंही होतं.

पाडायच्या नोटिशीवरच्या सुनावणीला रुद्राप्पानं मठाच्या वतीनं हरकत नोंदवली. मठाच्या प्रमुख म्हणून आक्का आल्या आणि ती मागं घेऊन गेल्या. एक शब्द जास्तीचा बोलल्या नाहीत.

*

पाडायच्या दिवशी सकाळी सगळी पेठ रस्त्यावर बसली. तोंडं ओट्याकडं, हात जोडलेले.

आक्का आल्या. त्या गर्दी आणि ओट्याच्या मधोमध बसल्या. तोंड गर्दीकडं.

स्वामींकडं पाठ करून आक्कांना कुणी कधी बघितलं नव्हतं. कुजबूज उठली, आणि मग तीही थांबली.

कामगारांनी चपला काढल्या, ओट्याला नमस्कार केला, आणि पहारी खाली ठेवल्या.

"साहेब, आमच्यानं नाही होणार. पोटापायी बाकी काहीही पाडू."

ठेकेदारानं प्रल्हादकडं पाहिलं. पोलिसांनीही पाहिलं. अभियंता तर आभाळाकडं बघत होता.

प्रल्हादनं आक्कांकडं पाहिलं. त्या वळल्याच नाहीत. त्यांची वाकलेली पाठ तेवढी त्याला दिसत होती.

त्यानं पहार उचलली.

"प्रल्हादा!" रुद्राप्पा किंचाळला. "याच दगडावर तुझ्या आईनं तुला ठेवला होता! तुझं वाटोळं हुईल!"

"होऊ दे!" प्रल्हाद ओरडला.

एवढ्या मोठ्यानं तो आयुष्यात कधी ओरडला नव्हता. कुणावर ओरडला, हे त्याचं त्यालाही कळलं नाही. रुद्राप्पावर, बापूसाहेबांवर, की त्या दिवशी पांढऱ्या कपड्यात गप्प उभ्या राहिलेल्या माणसावर...

पहिला घाव निसटला. पहार दगडावरून घसरली आणि खांदा दुखावला. दुसरा बसला. काळ्या दगडाचा एक कोपरा उडून त्याच्या पायाशी पडला.

आभाळ कोसळलं नाही.

मग गर्दीतली एक बाई उठली. घागर फेकणारी तीच. वैशाखात तिची बहीण त्या शेडमध्ये होती. आक्कांच्या शेजारून ती पुढं गेली, सुटलेला दगड तिनं दोन्ही हातांनी उचलला आणि कडेला नेऊन ठेवला. प्रल्हादकडं तिनं पाहिलंही नाही.

तिच्यामागून आणखी एक उठली.

दुपारपर्यंत कमान खाली आली होती. ओट्याखालच्या मातीला मात्र कुणी हात लावला नाही. स्वामी होते तिथंच राहिले. वरून रस्ता झाला.

*

रुद्राप्पाचा शाप म्हणा, बापूसाहेबांचा हिशेब म्हणा. प्रल्हादचं सभापतिपद गेलं. पुढच्या निवडणुकीत तिकीट कापलं. त्यानं अपक्ष अर्ज भरला आणि तो पडला. मागपेठेतूनसुद्धा मतं कमी पडली. ओटा पाडणाऱ्याला देताना बऱ्याच जणांचा हात अडखळला.

केंद्राच्या उद्घाटनाला त्याला बोलावणं नव्हतं. फीत बापूसाहेबांनी कापली.

त्यानंतर एका दुपारी तो मठात येऊन बसला. आक्का सूत उकलत होत्या.

"मला पश्चात्ताप नाही," तो म्हणाला.

आक्कांनी मान वर केली नाही.

"पण पेठेनं मला विसरायला नको होतं."

"हे धर," आक्का म्हणाल्या आणि सुताची गुंडी त्याच्या दोन्ही हातांत अडकवली. तो हात पुढं करून मुकाट्यानं बसला.

तेवढ्यात भोंगा वाजला.

प्रल्हाद हातातल्या सुतासकट उठून दाराशी आला. पेठेच्या आतल्या अंगाला धूर होता. लोक पळत होते, आणि लाल बंब वळण घेऊन पेठेच्या तोंडाशी येत होता.

आता थांबेल, असं त्याला वाटलं. अजूनही वाटलं.

बंब थांबला नाही. सरळ आत गेला.

शेडमधली माणसं बाहेर आली. एकाचे हात भाजले होते. बाकीची खोकत रस्त्यात बसली, आणि एकमेकांना हाका मारून मोजू लागली. सगळी होती.

प्रल्हाद चौकटीला धरून उभा राहिला. डोळ्यांतून पाणी येत होतं ते धुरानं, असं त्यानं स्वतःला सांगितलं.

थोड्या वेळानं बंब परत गेला, आणि रुद्राप्पा धडपडत मठात शिरला. ओटा गेल्यापासून तो रोज सकाळी रस्त्यावर त्या जागी फुलं ठेवायचा. आता त्याच्या ओंजळीत चेंदामेंदा झालेला झेंडू होता.

"आक्का!" त्याला बोलवेना. "स्वामींच्या छातीवरून गेला बंब! जाताना गेला, आणि येतानाबी गेला!"

आक्कांनी सुताचं टोक दातात धरून तोडलं.

"आडवे आले का स्वामी?"