खेमजीच्या बैलांनी नांगरलेला उतार

"उद्या सूर्य मावळायच्या आत अख्खा उतार नांगरून झाला नाही, तर तो खेमजी पाटलाचा," असा हुकूम सातधारच्या महाराजांनी दिला. मजूर लावायचा नाही, अशी अटही घातली. महाराजांना न्याय करण्याची हौस होती आणि ती दुपारच्या जेवणानंतर फार वाढे. त्या दिवशी पंगतीला शेजारी खेमजीच होता, त्या पडून राहिलेल्या उतारावर दावा सांगत.

उतार रेहंज्या पावऱ्याचा. झाडावरून पडून त्याचा पाय मोडला होता, गोठ्यात एकच बैल होता आणि सगळं घर त्या उतारावर जगत होतं. खेमजीही त्याच पाड्यावरचा, त्याच जमातीचा. फरक इतकाच, की त्याच्याकडे चार बैलजोड्या होत्या आणि राजवाड्यात ओळख होती. जमीन पडून राहिली की त्याला वाईट वाटे. दुसऱ्याची असली तर जास्तच.

रेहंज्याची मुलगी ठुमली हुकूम ऐकून रडली नाही. "उद्या आमच्याकडे लाहा आहे," एवढंच ती दारोदार सांगत फिरली. डोंगरातली रीत अशी, की कोणी लाहा बोलावला की घरटी एक माणूस नांगर-बैल घेऊन त्याच्या शेतात जातो. पैसे घेत नाही, ज्वारीची भाकरी आणि उडदाची डाळ खातो. जो जात नाही, त्याच्या शेतात पुढे कोणी येत नाही.

शेवटचं दार खेमजीचं होतं.

खेमजीने बराच विचार केला. बैल आठ होते, पण नांगर धरायला स्वतःचे हात दोनच. दरवर्षी त्याची शेती पाड्यानेच तर नांगरून दिली होती. सकाळी त्याने चारही जोड्या पाठवल्या आणि मागोमाग स्वतःही गेला, तोंड पाडून.

दुपार कलल्यावर महाराज दिवाणांना घेऊन पाहायला आले, तेव्हा शेवटचा फेरा चालला होता. नांगर खेमजीच्या हातात होता.

"पाटील, तुम्ही नक्की कोणाच्या बाजूचे?" महाराजांनी विचारलं.

"दावा माझाच आहे, महाराज. पण लाहा चुकवता येत नाही." घाम पुसता पुसता खेमजीला काहीतरी सुचलं. "आणि हुकूम मोडलाय हिनं. सगळ्यांना जेवू घातलंय. जेवण म्हणजे मजुरीच की!"

दिवाणांनी मान डोलावली. महाराज ठुमलीकडे वळले.

डोंगरात राजालाही अरेतुरेच करतात. ठुमली म्हणाली, "राजा, काल हा पाटील तुझ्या पंगतीला होता. हे दिवाण तर रोज असतात. त्यांच्याकडून कोणतं काम करून घेतोस?"

दिवाणांची मान डोलायची थांबली. महाराजांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि त्यांना इतकं हसू लोटलं, की बांधावर बसावं लागलं.

उतार रेहंज्याकडेच राहिला. एकट्या बैलाला राजवाड्यातून जोडीदार आला. "पेरणीलाही लाहा बोलाव," महाराज जाताना म्हणाले, "आमच्या घरचंही एक माणूस येईल."

पेरणीला दिवाण आले. त्यांनी भाकरी पोटभर खाल्ली, एवढं पाड्यावर अजून सांगतात.