एक्केचाळीस मुठींची चावडी

उंबरदरा पोडाला, म्हणजे त्या छोट्या आदिवासी वस्तीला, जाणारी वाट नाल्यातून वर चढली की समोर चावडी दिसते. बारा सागवानी खांब, वर गवताचं छप्पर, आणि बाकी काही नाही. भिंत नाही, दार नाही, साधा कूडही नाही. शेळ्या आडव्या निघून जातात, वाऱ्याबरोबर पालापाचोळा येऊन पडतो. पलीकडे सरकारी समाजमंदिर आहे. त्याला दोन दारं आणि सहा खिडक्या आहेत, लग्नाची भांडी तिथे ठेवतात. पण नाईक, म्हणजे पोडाचा प्रमुख, निवडायचा असेल तर कोलामांचं हे पोड जमतं ते उघड्या चावडीतच. पाहुणे विचारतात, पावसात कसं करता? तेव्हा मारोती टेकाम नावाचे म्हातारे खांबाला पाठ टेकून बसतात आणि पुढची हकीकत सांगतात. त्यांना ती आजीने सांगितली, आजीला तिच्या सासूने.

पूर्वी या चावडीला कुडाच्या भिंती होत्या म्हणे, शेणामातीने लिंपलेल्या, आणि वाकून आत शिरावं लागेल असं एकच दार. पोडात तेव्हा एक्केचाळीस चुली होत्या. नाईक निवडायचा तर प्रत्येक चुलीमागे एक मूठ ज्वारी त्याच्या टोपलीत पडायची. ही मूठ घरच्या कारभाऱ्याने टाकायची नव्हती. जी बाई चूल पेटवते तिनेच ती टाकायची. टोपली मग कडुनिंबाचा पाला घालून चावडीच्या आढ्याला टांगायची. ती तिथे आहे तोवर तो नाईक. नाईक नको झाला तर जिने मूठ टाकली तिनेच ती उचलायची. हा रिवाज कुठे लिहिलेला नव्हता. लिहिण्याची गरजही कुणाला वाटली नव्हती.

त्या काळी नाईक होता लेतू आत्राम. बांबूच्या कामात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. त्याने विणलेल्या टोपलीत पाणी ठरतं, असं लोक थट्टेने म्हणत. त्याच्या वेळी एक्केचाळीसच्या एक्केचाळीस मुठी पडल्या होत्या, आणि ही गोष्ट तो कधी विसरला नाही. माणूस सरळ होता, कुणाचा दाणा त्याने घेतला नाही, पण एकदा बोलला की संपलं. दुसऱ्याचं ऐकून घेण्याइतका वेळ त्याच्याजवळ नसे.

एका वर्षी खालच्या गावातून एक ठेकेदार आला. त्याला पोडामागचा बांबूचा डोंगर तोडायचा होता. बदल्यात तो पोडाला विहीर बांधून देणार होता. बाया तेव्हा कोसभर उतरून झऱ्यावरून पाणी आणत. लेतूने ठेकेदाराला खाटेवर टेकूही दिलं नाही. "डोंगर गेला तर आमचं विणकाम गेलं. जा तू," एवढं बोलून त्याने त्याला वाटेला लावलं. बोलणं खरंच होतं. पण त्याने कुणालाच विचारलं नव्हतं, महाजनालाही नाही. महाजन म्हणजे नाईकाचा जोडीदार. तो होता पोशू मडावी. पोशूच्या बायकोचा पाय त्याच वर्षी झऱ्याच्या उतारावर घसरून मोडला होता. विहीर अशी न विचारता नाकारली, हे त्याला फार लागलं.

पुढे लेतूची बहीण वारली. तो तिच्या गावी पाच दिवस गेला. तेवढ्यात एका दुपारी पोशूने तीन म्हाताऱ्या पुरुषांना चावडीत बोलावलं आणि दार आतून लावून घेतलं. चौघांनी आढ्याची टोपली उतरवली आणि त्यातली ज्वारी पोशूच्या टोपलीत ओतली. दार उघडलं तेव्हा पोशू नाईक झाला होता.

लेतू परत आला तो डोक्यावरचे केस उतरवलेला, बहिणीच्या दुःखात. आढ्याला दुसऱ्याची टोपली पाहून तो तिथेच उभा राहिला. मग ओरडला, शिव्या दिल्या, कुऱ्हाडीला हात घातला. पोडातलं कुणी त्याच्या बाजूने पुढे आलं नाही. ते त्याला शिवीपेक्षा झोंबलं, असं सांगतात. दुसऱ्या दिवशी पहाटे तो तालुक्याच्या कचेरीची वाट चालू लागला. पोडाचं भांडण कचेरीत नेणारा तो पहिला माणूस.

साहेबाने दोन्ही बाजूंना बोलावलं. पोशू म्हणाला, आमच्यात जाणत्यांनी नाईक काढायचा असतो. लेतू म्हणाला, तसं काढता येत नाही. दोघांनीही शपथ घेतली. साहेबाने विचारलं, "तुमचा कायदा लिहिलेला कुठे आहे?" तो कुठेच नव्हता. लेतूला आयुष्यात पहिल्यांदा आपलं पोड लहान वाटलं. साहेबाने आठ दिवसांची मुदत दिली आणि सांगितलं, साक्षीदार आणा, नाहीतर अर्ज निकाली काढतो.

साक्षीला आली ती लेतूची आत्या, जंगूबाई. साठी उलटलेली, दोन दिवस पायी चालून आलेली. कारकुनाने तिला बाहेर थांबायला सांगितलं, तर म्हणाली, "मले बलावलं हाय. मी आतच बसतो."

साहेबाने विचारलं, "बाई, लेतूला नाईक कुणी केलं?"

"एक्केचाळीस चुलींनं केलं."

"त्या चुली कुणाच्या, सांगता येतील?"

जंगूबाईने डोळे मिटले आणि पोडाच्या पहिल्या घरापासून सुरुवात केली. कोणत्या घरची कोण, ती कुणाच्या मागे रांगेत उभी होती, कुणाच्या कडेवर लेकरू होतं, कुणाच्या मुठीतून चार दाणे खाली सांडले आणि ते तिने वेचून टाकले. कारकून लिहिता लिहिता थकला. एक्केचाळीसही नावं झाली, एक मागे नाही की एक पुढे नाही. मग तिने डोळे उघडले.

"सायेब, मूठ म्या टाकली होती. काढणारा हात माहा नव्हता. यातल्या एकीचाही नव्हता. आता तुमीच सांगा, नाईक कोन?"

मग साहेबाने निकाल दिला. पोडाचा रिवाज मोडून नाईकाला काढलं, सबब ते काढणं रद्द. आणि वर आपल्या मनाने एक ओळ जोडली: लेतू आत्राम हा उंबरदरा पोडाचा तहहयात नाईक राहील. कागदावर शिक्का बसला.

"तहहयात म्हंजे?" जंगूबाईने विचारलं.

"जिवंत आहे तोवर," कारकून म्हणाला.

परतीच्या वाटेवर लेतूची छाती फुगली होती. कागद त्याने मुंडाशात खोचला होता आणि दर घटकेला हात लावून पाहत होता. आत्या मात्र मागे मागे चालत होती. दुसऱ्या दिवशी, जिथून पोडाच्या बाया पाणी नेत त्या झऱ्यापाशी, ती खडकावर बसली.

"लेतू, कचेरीत मी खोटं नाही बोलली."

"नाही आत्या. तुयामुळंच तं जिंकलो."

"पन सायेबानं जे इचारलं तेवढंच सांगतलं. आता राहिलेलं आयक. माही मूठ मले वापस पाहिजे."

लेतूला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"डोंगर राखला, बरं केलं," ती म्हणाली. "पन हे पानी कोन वाहते? ठेकेदाराले हाकलताना एका बाईले तरी इचारलं काय? पोशूनं दार लावून आमाले भाईर ठेवलं. तू बिना दाराचंच भाईर ठेवलं."

लेतूला राग आला. मुंडाशात साहेबाचा शिक्का होता. जगात कुणीही त्याला आता हात लावू शकत नव्हतं. तो तरातरा चढाला लागला. अर्ध्या चढावर त्याला धाप लागली. त्याने मागे पाहिलं तर आत्या झऱ्यावरची कुणाचीतरी भरलेली घागर डोक्यावर घेऊन येत होती. तो परत खाली उतरला, घागर तिच्या डोक्यावरून उचलून आपल्या खांद्यावर घेतली, आणि पोडापर्यंत तीच वाहत आला. त्या चढात तो काय समजला ते त्याने कधी कुणाला सांगितलं नाही.

पोडात येताच त्याने हाळी घातली. सगळं पोड चावडीला जमलं, पण आत मावेना. बाया नेहमीप्रमाणे कुडाबाहेर उभ्या राहिल्या. लेतूने कुऱ्हाड आणली. पोशू घाबरून मागे सरकला. लेतूने पहिला घाव घातला तो कुडावर. चारही भिंती पडेपर्यंत तो थांबला नाही. धुरळा खाली बसला तेव्हा चावडीतून पोड दिसत होतं आणि पोडातून चावडी.

मग त्याने आपली टोपली मधोमध ठेवली, पोशूच्या टोपलीतली ज्वारी तीत परत ओतली आणि कागद वाचायला कुणी नव्हतं म्हणून स्वतःच सांगितला. "सायेब म्हनते, चौघाईनं काढता येत नाही. खरं हाय. ज्याईनं टाकली त्याईनं काढा. मी इथंच बसतो."

पहिली मूठ जंगूबाईने उचलली. मग पोशूची बायको लंगडत आली. एकेक बाई यायची, समोर उभी राहून त्याच्या तोंडावर आपलं म्हणणं सांगायची आणि मग मूठ उचलायची, किंवा न उचलता मागे फिरायची. लेतूने कुणालाही मध्ये अडवलं नाही. निम्म्याहून जास्त मुठी उचलल्या गेल्या. तो उठला, मुंडासं काढून टोपलीजवळ ठेवलं आणि जमिनीवर सगळ्यांत जाऊन बसला. जंगूबाईने त्याच घागरीतलं पाणी आधी त्याला दिलं.

लोकांनी पोशूकडे पाहिलं, तर त्याने हात जोडले. "माहं नाव घेऊ नका. दार म्या लावलं होतं." नाईक झाला भिमू कुमरे. त्याच्याबद्दल एवढंच सांगतात की तो ऐकून घ्यायचा. त्या उन्हाळ्यात विहीर पोडानेच खणली. पहिली कुदळ लेतूने मारली, दुसरी पोशूने. डोंगर जिथल्या तिथे राहिला.

आजही उंबरदऱ्यात नाईकाला काढायचं तर तो समोर असल्याशिवाय काढत नाहीत. आजही बाया त्याच्या तोंडावर बोलतात, आणि काढल्यावर पाण्याचा पहिला पेला त्यालाच देतात. इथे काढलेल्या नाईकाची नातवंडं मान खाली घालत नाहीत. आमच्या आज्याला भर चावडीत काढलं, असं ती सोयरीक जुळवतानाही सांगतात.

एवढं सांगून मारोती टेकाम थांबतात. एखादा पाहुणा विचारतोच, आजोबा, तुम्हीही कधी नाईक होता का?

म्हातारे खांबाला टेकलेली पाठ उचलून ताठ बसतात.

"होतो नं. अकरा वर्सं होतो. मंग काढलं," ते म्हणतात. "पहिली मूठ माह्या बायकोनं उचलली."