राजाची पेटी आणि सुईणीची सुरी

फार जुनी गोष्ट आहे. माझ्या आजीच्या आजीनंही ती ऐकलीच होती, पाहिली नव्हती.

एका राज्यात एक गाव होतं. गावात राही नावाची सुईण राहायची. तिचा एक लेक, भिमा. भिमाची बायको गवरा. सासू-सून एका ताटात जेवायच्या, एवढं सांगितलं की घर कळलं. पण लग्नाला सहा वर्षं झाली तरी गवराची कूस उजवली नव्हती. साऱ्या गावाची पोरं जिच्या हातात पहिल्यांदा रडली, तिच्याच घरात पाळणा नव्हता.

राहीजवळ एक सुरी होती. चार बोटांचं पातं आणि चिंचेच्या लाकडाची मूठ. ती तिच्या सासूची, त्याआधी सासूच्या सासूची. त्या सुरीनं गावाच्या नाळा कापल्या होत्या. बाळंतिणीच्या घरी पाचवीला पाटावर ती सुरी मांडायचे, हळदकुंकू वाहायचे. राही तिला उकळत्या पाण्यात घालायची आणि धुतलेल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची. दुसऱ्या कामाला तिनं ती कधी लावली नाही. साधं लिंबू कापलं नाही.

त्याच गावात केरबा नावाचा पोरगा होता. बोलताना अडखळायचा. 'पाणी' म्हणायचं तर 'पा-पा-पा' करत राहायचा आणि तोवर समोरचा निघून जायचा. हौसाबाईचा सावळ्या मोठा चेष्टेखोर. केरबा दिसला की सावळ्या ओंजळ पुढे करून 'पा-पा-पा' म्हणायचा आणि पारावरचे सगळे हसायचे. वाईट नव्हता हो सावळ्या. कुणाच्या डोक्यावर भारा दिसला की धावत जाऊन उचलायचा. पण लोकांना हसवायची चटक लागली की माणसाला भान राहत नाही. हौसाबाई पदर तोंडाला लावून हसायची. खरं सांगायचं तर एकदा राहीही हसली होती.

एक दिवस केरबा चावडीवर गेला. हवालदार पान लावत बसला होता.

"ह-हवालदार, ती पोरं म-मला..."

"मारलं का तुला?"

"न-नाही."

"मग घडलं काय?"

"घडलं नाही. पण म-माझ्या हातून घ-घडेल काहीतरी."

"मग घडल्यावर ये," हवालदार म्हणाला आणि पानाला चुना लावू लागला.

तिथून केरबा राहीच्या दारात आला. राही घाईत होती. कुंभारवाड्यात बाई अडली होती.

"आजी, थ-थोडं बसता का माझ्याजवळ?"

"उद्या ये बाबा," राही म्हणाली, आणि निघाली.

कुंभारवाड्यातलं बाळ सुखरूप आलं. केरबा मात्र दुसऱ्या दिवशी आला नाही.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. भरल्या बाजारात सावळ्यानं ओंजळ पुढे केली. सगळे हसले. केरबानं ऊसवाल्याच्या ढिगावरचा कोयता उचलला. एकच घाव. लोक पांगले तेव्हा हौसाबाईच्या मांडीवर सावळ्याचं डोकं होतं, आणि गावात कुणीच हसत नव्हतं.

राजा मनानं चांगला होता, हे आधी सांगून ठेवते. केरबाला त्यानं तुरुंगात टाकलं, पण न्याय मागायला दरबारात आलेल्या हौसाबाईचा आकांत त्याच्या कानातून जाईना. दोन दिवस त्यानं ताटाला हात लावला नाही. मग प्रधानाला बोलावलं.

"त्या पोराचा जीव कशानं गेला?"

"कोयत्यानं, महाराज."

"मग राज्यात पातंच नको."

तो जीव का गेला, हे दरबारात कुणी विचारलं नाही. ते विचारलं असतं तर उत्तर लांबलं असतं, आणि प्रधानाची जेवणाची वेळ झाली होती.

दवंडी पिटली. तीन बोटांहून लांब पातं ज्याच्या घरी सापडेल तो गुन्हेगार. गावोगाव चावडीत लाकडी पेटी आली. पेटीला वरून पाती टाकायला फट आणि तीन कुलपं. एक किल्ली पाटलाकडे, एक कारकुनाकडे. त्या दोघांवर प्रधानाचा विश्वास नव्हता, म्हणून तिसरी राजधानीत, प्रधानाच्या कमरेला.

विळे गेले, कोयते गेले, कुऱ्हाडी गेल्या. साऱ्या गावासाठी चावडीसमोर एक विळी साखळीला बांधून ठेवली. भाजी चिरायची तर तिथं रांग. पहारेकरी विचारायचा, "काय आहे?"

"वांगी."

"कशासाठी चिरायची?"

"खायला रे बाबा. वांग्याशी काय माझं वैर आहे?"

न्हाव्याचा वस्तरा गेला. मग बाप्ये इतके केसाळ झाले की बायका हाक ऐकल्यावरच दार उघडायच्या. फणस पिकून झाडावरच कुजले. आणि ज्यांच्या कमरेला खरोखरच सुरे असायचे, ते चार गुंड दवंडी ऐकायला आलेच नाहीत. त्यांच्या दाराशी जायला पहारेकऱ्याला वेळ नव्हता, तो वांगी बघत होता.

पुढं दोन भावांचं बांधावरून भांडण झालं. थोरल्यानं वरवंटा उचलून धाकट्याचं डोकं फोडलं. प्रधानानं वरवंटे जमा केले. लोक कोरड्या भाकरी खाऊ लागले. मग कुणीतरी काठी उगारली. काठ्या गेल्या, आणि म्हातारी माणसं भिंत धरून चालू लागली. मग पोरांनी दगड मारले. तेव्हा म्हणे प्रधान गच्चीवर उभा राहून बराच वेळ डोंगराकडे बघत होता.

हौसाबाई रोज चावडीच्या पायरीवर येऊन बसायची. पेटीत एकेक पातं पडायचं, खण्ण वाजायचं, आणि तेवढ्यापुरता तिला श्वास घेता यायचा. तिला कोण काय म्हणणार?

राही आपली सुरी घेऊन आली तेव्हाही हौसाबाई तिथंच होती.

"हवालदार, ही सुरी सोडा," राही म्हणाली. "तुमचीही नाळ हिनंच कापलीय."

हवालदारानं पात्यावर बोटं धरली. "चार भरतात, आजी. हुकूम तीनचा आहे."

"माझ्या सुनेला दिवस गेलेत. सहा वर्षांनी. सातवा लागलाय."

"मग दाखला मागा. राजधानीतून येतो. बाळ कोणत्या दिवशी, कोणत्या प्रहरी येणार ते कळवायचं. तेवढ्या प्रहरापुरती सुरी मिळेल."

"ते बाळाला विचारावं लागेल."

"विचारून सांगा," हवालदार म्हणाला. तो चेष्टा करत नव्हता.

हौसाबाई पायरीवरून हळूच म्हणाली, "टाका आजी. तुमच्या सुरीनं पोरं आली असतील जगात. माझं पोर पात्यानंच गेलं."

राहीला पुष्कळ बोलायचं होतं. पण केरबाला म्हटलेलं 'उद्या ये' तिला आठवलं. तिनं सुरी पेटीत टाकली.

घरी येऊन तिनं अदमासानं दिवस लिहवून घेतला, अर्ज धाडला. दाखला काही आला नाही. बाळ आधी आलं.

भर दुपारी गवराला कळा लागल्या. दिवस अजून पंधरा होते. भिमा चावडीवर धावला. या वेळी हवालदार पान टाकून उठला. पाटलाची किल्ली आणली, कारकुनाची आणली. दोन कुलपं निघाली. तिसरं त्यानं हातांनी ओढलं, दगडानं ठेचलं, नखं रक्तबंबाळ केली. राजधानी तीन दिवसांच्या वाटेवर, आणि चावडीसमोरच्या विळीच्या साखळीची किल्लीही तिथंच.

"पेटी फोडा," भिमा म्हणाला.

"कशानं फोडू? कुऱ्हाडी आत आहेत."

इकडं बाळ आलं होतं. मुलगा. काळेभोर जावळ, मुठी घट्ट मिटलेल्या. राहीनं घर धुंडाळलं. घरात कापेल असं काही राहिलंच नव्हतं. शेवटी तिनं अंगणातलं फुटक्या मडक्याचं खापर उचललं, पदरानं पुसलं. पाणी उकळायला सवड नव्हती, आईला रक्त जात होतं. जन्मभरात पहिल्यांदा तिनं सुरीवाचून नाळ कापली.

पाचवीला पाटावर मांडायला सुरी नव्हती. तिनं पाट तसाच मांडला.

सातव्या दिवशी बाळानं दूध सोडलं. दातखीळ बसली, अंग धनुष्यासारखं ताणलं. आठव्या दिवशी पाळणा रिकामा झाला. त्या खापरातून काय आलं, ते राहीला कुणी सांगायची गरज नव्हती.

दुखवट्याच्या घरी चूल पेटत नाही, शेजारी भाकरी नेतात. तिसऱ्या दिवशी हौसाबाई भाकरी घेऊन आली. गवरासमोर ठेवली आणि भिंतीला टेकून बसली.

"त्या दिवशी टाका म्हणाले मी," हौसाबाई म्हणाली. "मीच म्हणाले."

"तू म्हणाली नसतीस तरी टाकावीच लागली असती," राही म्हणाली. "पण हौसा, एक ऐक. ऐकून मग मला शिव्या दे. बाजाराच्या आदल्या दिवशी केरबा माझ्या दारात आला होता. थोडं बसता का म्हणाला. मी त्याला उद्या ये म्हणाले."

हौसाबाईचा हात भाकरीवर तसाच राहिला.

"बसले असते घडीभर," राही म्हणाली, "तर तुझा सावळ्या आज असता. कुंभाराच्या घरी जाऊन आल्यावर तरी जायला हवं होतं मी. मी आले आणि निजले."

हौसाबाई रडेल असं गवराला वाटलं. ती रडली नाही.

"माझा पोरगा त्याला चिडवायचा," ती म्हणाली. "मला ठाऊक होतं. दटावायच्या ऐवजी मी हसायचे. माझंच पोर ना, मला त्याचं कौतुक. पेटीत सुऱ्या पडताना बघत बसले, म्हणजे हे आठवायला नको."

मग तिनं भाकरीचा तुकडा मोडला आणि राहीच्या तोंडापाशी नेला.

सुतक फिटलं, आणि दोघी राजधानीला निघाल्या. तीन दिवस चालल्या. दरबारात दोघींना बघून राजा उठून उभा राहिला, कारण हौसाबाईचा चेहरा त्याच्या ओळखीचा होता.

"बाई, तुझ्यासाठीच तर मी सगळी पाती बंद केली."

"तुमचा जीव माझ्यासाठी तुटला, हे मी विसरणार नाही, महाराज," हौसाबाई म्हणाली. "बाजारात कमरेला पातं नको, हे राहू द्या. चांगलंच आहे ते. पण बाळंतिणीची सुरी आणि चुलीपुढची विळी परत द्या. त्यांनी कुणाला मारलं नव्हतं."

"आणि पुन्हा असं घडलं तर?"

आता राही पुढं आली. "महाराज, तो पोरगा सांगायला आला होता. चावडीवर गेला, तिथं म्हणाले घडल्यावर ये. माझ्याकडे आला, मी म्हणाले उद्या ये. तुम्ही तर त्याला अजून पाहिलंही नसेल."

खरंच, राजानं कोयता मागवून पाहिला होता, कोयता उचलणारा पोरगा पाहिला नव्हता.

तो तसाच तुरुंगात गेला. सकाळी गेला तो दिवेलागणीला बाहेर आला. केरबाचं बोलणं लांबतं, हे मी सांगितलंच आहे. आत काय बोलणं झालं ते कुणाला कळलं नाही. केरबाची शिक्षा कमी झाली नाही, होणारही नव्हती. पण त्यानंतर दर महिन्याला राजा त्याच्याजवळ जाऊन बसायचा.

पेट्या उघडल्या. विळे, वस्तरे, वरवंटे, काठ्या घरोघरी गेल्या. पहारेकरी वांग्यांतून मोकळे झाले, तेव्हा कुठं ते त्या चार गुंडांच्या दारात पोचले आणि त्यांचे सुरे काढून घेतले. आणि प्रत्येक चावडीत एक घोंगडी अंथरायचा हुकूम निघाला. 'माझ्या हातून काहीतरी घडेल' असं म्हणत जो येईल, त्याला त्या घोंगडीवर बसवायचं आणि त्याचं बोलणं संपेस्तोवर उठायचं नाही. आमच्या त्या हवालदाराला सुरुवातीला जड गेलं. पण तो शिकला. पुढं पुढं तर लोक म्हणायचे, भांडण झालं की आधी हवालदाराकडे जा, तो पान न खाता ऐकतो.

दोन वर्षांनी गवरा पुन्हा बाळंत झाली. सकाळची उन्हं अंगणात आली होती. राहीचे हात आता म्हातारे झाले होते, म्हणून मदतीला हौसाबाई बसली. पाणी तिनंच उकळलं, सुरी तिनंच फडक्यातून काढून राहीच्या हातात दिली. पातं हातात धरताना तिनं डोळे मिटले, पण धरलं. मुलगी झाली. असा टाहो फोडला पोरीनं की चावडीपर्यंत ऐकू गेला. तिच्या पाठीवर दीड वर्षानं मुलगा झाला. दोघांनाही हौसाबाईची मांडी आईच्या मांडीइतकीच ओळखीची होती. घर भरलं, गोकुळ झालं. सावळ्या आणि ते पहिलं बाळ गेले ते गेलेच, पण राहिलेल्यांचे दिवस सुखाचे गेले.

म्हणून लेकरांनो, कुणाच्या हातातली सुरी काढून घ्यायला निघालात, तर आधी त्या माणसाजवळ घडीभर बसा.