वेशीवरचा तांबट

“आईला मरणाच्या दारी निजवल्याशिवाय हिला काही मुद्रा मिळायची नाही.”

एका राज्यात, माजघरात बसून एक सासू थोरल्या सुनेला असं म्हणाली, आणि दाराआड ताक घुसळणाऱ्या नव्या सुनेनं, वेणूनं, ते ऐकलं. रवी थांबली नाही.

पूर्वी या राज्यात आणि पलीकडच्या राज्यात एक ओढा तेवढा होता. घरात विरजण नाही म्हणून बाई वाटी घेऊन पलीकडे जायची आणि गप्पांत रमून रिकामी वाटी घेऊन परतायची. कुणी काही विचारत नसे. मग दोन्ही राजांना एकमेकांचं भय वाटू लागलं. त्यांनी मांत्रिक बोलावला. त्यानं काठावर भिंत उठवली, वेशीवर बोलणारा तांबट पक्षी बसवला आणि शाप उच्चारला: कारण सांगेल त्याला पलीकडे जायची मुद्रा, गप्प राहील तो दगड. गोंधळून गप्प राहिलेले तिघे वेशीपाशी अजून उभे होते.

तेव्हापासून लोक कारणं रचू लागले. खोट्या कारणागणिक भिंत वीतभर वाढे. वेणूसारखंच सासूबाईंचं माहेरही पलीकडलं. त्यांनी तांबटाला सांगताना धडधाकट भावाला तीनदा आजारी पाडलं, शेवटी मारलं. मेलेल्या भावाकडे जायला कारण कुठलं सांगणार? त्यांचं जाणंच खुंटलं. वेणूला तर आईच्या चुलीचा धूरही भिंतीवरून दिसेना.

एका सकाळी घरचे तिला वेशीवर पोचवायला आले.

“नाव?” तांबटानं विचारलं.

“वेणू.”

“कुणाकडे?”

“आईकडे.”

“कारण?”

थोरली जाऊ मागून कुजबुजली, अंथरुणाला खिळलीय म्हण. वेणूला आई दिसली, अंगणात पाय पसरून डाळ पाखडत बसलेली. तिला अंथरुणाला खिळवायला जीभ वळेना. पायांची बोटं दगड होऊ लागली.

“आई ठणठणीत आहे,” ती म्हणाली. “काम काही नाही. सहज निघालेय.”

तांबटाच्या चोचीतली मुद्रा ओढ्यात पडली. खोट्यावर पोसलेली भिंत मिठासारखी विरघळली. तिघे दगड आळस देत जागे झाले. त्यातल्या एकीनं आधी आपली वाटी शोधली. ओढ्यात पूर्वीसारखंच पोटरीभर पाणी होतं.

सासूबाई तेवढ्या काठावरच थबकल्या. मी आता कुठल्या तोंडानं जाऊ, असं काहीसं पुटपुटल्या.

लग्न होऊन आल्यापासून घरात चार शब्दही न बोललेली वेणू मागं वळली. तिनं हात पुढे केला.

“चला सासूबाई, तुम्ही मारलेल्या मामांना भेटून येऊ. सहजच.”