साठ कोसांचं उपरणं

समुद्र गप्प होईपर्यंत रायाजीने किनारा सोडायचा नाही, असा राजा गजसेनाचा हुकूम होता!

झालं होतं असं, की सहलीला गेलेल्या महाराजांना लाटांच्या आवाजाने झोप लागली नाही. रायाजी हा दरबाराला गप्प करणारा भालदार. "मग समुद्रालाही करेल!" म्हणत महाराजांनी त्याला तिथेच ठेवला. बिचारा दोन वर्षं वाळूत उभा राहून "शांतता!" म्हणून ओरडत होता. इकडे राजधानीत त्याची ठरलेली नवरी, साळ्याची सगुणा, साखरपुड्याच्या साडीच्या घड्या मोडून पुन्हा घालत बसली होती. शेवटी तिने दरबार गाठला.

"महाराज, माझा नवरा द्या!"

"हुकूम म्हणजे हुकूम! तो तिथून हलणार नाही. आणि माझी पागोटी तू विणतेस, तेव्हा तूही इथून हलायचं नाहीस. लग्न मात्र खुशाल करा, जिथल्या तिथे! लागेल ते कापडचोपड मी देतो. शब्द दिला!"

दरबार खदखदला. सगुणेला रडूच येत होतं, पण ते गिळून ती म्हणाली, "मग गाठ मारायला उपरणं द्या. एक टोक त्यांच्या खांद्यावर, दुसरं माझ्या पदराशी. साठ कोस लांब!"

शब्द तर दिला गेला होता! पडदे, पासोड्या, हत्तींच्या झुली, प्रधानजींची पागोटी, सगळं एकाला एक जोडत माणसं समुद्राकडून निघाली. महिन्याने टोक दरबारात पोचलं आणि सगुणेच्या पदरापासून नऊ हातांवर संपलं. राज्यात चिंधी उरली नव्हती. सगळा दरबार केळीची पानं नेसून उभा होता.

सगुणेने हळूच महाराजांच्या कमरेकडे पाहिलं. "नऊ हात म्हणजे एक धोतर, महाराज!"

राजाने दोन्ही हातांनी निऱ्या घट्ट धरल्या. "हे मिळणार नाही!"

"मग त्यांना नऊ हात पुढे येऊ द्या."

"म्हणजे माझा हुकूम मोडू?"

"मी कोण सांगणार? तुम्हीच ठरवा, महाराज. धोतर द्या, नाहीतर नवरा द्या!"

महाराजांना असं हसू फुटलं, की डोळे पुसायलाही त्यांनी निऱ्यांवरचा एकच हात काढला. "ने बाई, नवरा ने!"

वाटेत ज्याचं त्याला कापड परत करत रायाजी आला. आहेरात सगुणेला सोन्याच्या पाटल्या मिळाल्या आणि नवरदेवाला तेच जरीचं धोतर! ते पाहून महाराज ऐन मंगलाष्टकांत पुन्हा हसत सुटले. रायाजीने बसलेल्या आवाजात "शांतता!" म्हटलं, पण त्यांनीही ऐकलं नाही.