हणमंताचे चार क्रेडिट

ढेकळेवाडीत एक भोळा हणमंत होता. भोळा हे त्याच्या आईचं म्हणणं. मी मूर्खच म्हणतो. अंगानं दोन पोत्यांएवढा, पण सांगितलेलं काम शब्द न् शब्द करायचा. तिथंच सगळा घोळ होता.

तो हॉटेलच्या कॉलेजात शिकत होता. आता हॉटेलात चहा देण्यासाठीही कॉलेज लागतं. तर कॉलेजनं सांगितलं, तीन महिने खऱ्या हॉटेलात काम करा. हॉटेल पगार देईल, कॉलेज चार क्रेडिट देईल. क्रेडिट म्हणजे मार्कांसारखंच काहीतरी. ते चार मिळाले तर हणमंत पास, नाहीतर वर्ष बुडालं. आईनं तर आधीच अख्ख्या वाडीला पेढे वाटले होते.

कॉलेजनं एक वही दिली होती. रोज त्यात "आज काय शिकलो" ते लिहायचं आणि खाली मॅनेजरची सही घ्यायची. शेवटी सर येऊन वही तपासणार आणि फॉर्मवर सही करणार.

निघताना आई म्हणाली, "हण्मा, सही घेताना माणूस जागा आहे का बघ. तुझ्या मामानं पेंगणाऱ्या सरपंचाची सही घेतली. दुसऱ्या दिवशी सरपंच म्हणाला, मी केलीच नाही. झोपेतल्या माणसाची सही घेऊ नको."

"नाही घेत," हणमंत म्हणाला.

घाटावरच्या एका जुन्या हॉटेलात तो कामाला लागला. मॅनेजर होत्या रेगेबाई. पहिल्या दिवशी पाहुणे आले आणि हा खांबासारखा उभा.

रेगेबाई म्हणाल्या, "अरे, पाहुण्याच्या हातात जे असेल ते आधी घ्यायचं. नंबरचा बिल्ला अडकवायचा. खोलीत नेऊन ठेवायचं."

हणमंतनं वहीत लिहिलं. रेगेबाईंनी सही केली.

दुसऱ्या दिवशी एक बाई आली. तिच्या हातात सहा महिन्यांचं पोर होतं. हणमंतनं पोर घेतलं, पायाला नऊ नंबरचा बिल्ला बांधला आणि नऊ नंबरच्या खोलीत पलंगावर ठेवून आला. बाईला मिळाली होती चार नंबरची खोली. तिनं हॉटेल डोक्यावर घेतलं. पोर मात्र मजेत बिल्ला चघळत होतं.

रेगेबाई कडाडल्या, "गाढवा, माणसाला हात लावायचा नाही! लांबूनच हात जोडायचे आणि हसायचं!"

हणमंतनं लिहिलं. सही झाली.

तिसऱ्या दिवशी एक जाडे काका पायरीवरून घसरले ते थेट कारंज्याच्या हौदात. हणमंत धावत गेला. चार हात लांब थांबला, हात जोडले आणि हसला.

"हसतोस काय? हात दे!" काका ओरडले.

"माणसाला हात लावायचा नाही, काका. नमस्कार."

शेवटी काकांना माळ्यानं काढलं.

रेगेबाईंनी कपाळ बडवलं. "माणूस आडवा दिसला की पहिला उचलायचा! उभा करायचा! टॉवेलनं खसाखसा पुसायचा!"

हणमंतनं "खसाखसा" खाली रेघ मारली. सही झाली.

चौथ्या दिवशी योग शिकायला आलेली आठ माणसं हिरवळीवर शवासनात पडली होती. हणमंतनं पाहिलं. आठ आडवी! तो टॉवेल घेऊन धावला. पहिल्याला उचललं, पुसलं. दुसऱ्याला उचललं, तोवर पहिला पुन्हा आडवा. असं अर्धा तास चाललं. योगाचे गुरुजी ओरडायला लागले, तर त्यांचंही तोंड पुसलं.

रेगेबाईंचा आवाज बसला होता. तरी ओरडल्या, "अरे, डोळे मिटलेला माणूस दिसला की त्याला हात लावायचा नाही! दार लावायचं, 'त्रास देऊ नये'ची पाटी अडकवायची. कुणाला आत सोडायचं नाही. मी आले तरी नाही!"

"तुम्ही आलात तरी नाही," हणमंतनं लिहिलं. रागाच्या भरात बाईंनी सही केली. पोराला शिकवताना जरा जपून बोलावं माणसानं.

पुढे बरेच दिवस कुणी डोळे मिटलेलं दिसलं नाही. तीन महिने निभले. शेवटच्या दिवशी कॉलेजचे चौगुले सर आले. चारची एसटी गाठून फॉर्म आजच कॉलेजात द्यायचे होते. रेगेबाईंनी त्यांना सात नंबरच्या खोलीत बसवलं आणि चहा सांगायला गेल्या.

सरांनी वही चाळली. "हे नुसतं लिहिलंयस, की तसं करतोसही?"

"तसंच करतो, सर."

"छान! तेच बघायला आलोय. फॉर्म घेऊन ये."

हणमंत फॉर्म घेऊन आला. तेवढ्यात सरांनी डोळ्यांत औषधाचे थेंब टाकले होते आणि डोळे मिटून बसले होते. हणमंत चवड्यावर मागे सरला. दार ओढलं. बाहेरून कडी घातली. पाटी अडकवली. दाराला पाठ लावून उभा राहिला.

रेगेबाई चहा घेऊन आल्या. "बाजूला हो. सर आत आहेत ना?"

"झोपलेत. तुम्ही आलात तरी नाही, मॅडम. सही आहे तुमची."

बाईंनी ढकललं. दोन पोती काय हलतात?

आतून दार वाजलं. "हणमंत! दार उघड!"

"सर, झोपेत बोलताय. झोपा निवांत."

"अरे, जागा आहे मी! माझी एसटी जाईल!"

"आमचा मामाही झोपेत असंच बोलतो."

सरांचा आवाज रडकुंडीला आला. "बाबा रे, फॉर्म फटीतून आत सरकव! आत्ता सही करतो! चार काय, आठ क्रेडिट घे! पण उघड!"

रेगेबाई हात जोडून म्हणाल्या, "सरकव रे बाळा, सरकव!"

हणमंतचे डोळे चमकले. आठ क्रेडिट! तो वाकला. फॉर्म अर्धा फटीत गेला. आतून सरांनी धरलासुद्धा. आणि नेमकी हणमंतला आई आठवली. त्यानं फॉर्म खसकन् मागे ओढला.

"नको, सर," तो म्हणाला. "झोपेत केलेली सही चालत नाही. उठलात की करा."

खाली चारची एसटी भोंगा वाजवून निघून गेली. हणमंतनं वही उघडली आणि "आज काय शिकलो" याच्या पुढे लिहिलं: "मोठी माणसं झोपेत सही करायला फार मागे लागतात. आपण घ्यायची नाही."

मग सहीसाठी वही रेगेबाईंपुढे धरली. बाईंनी डोळे मिटून घेतले होते. हणमंत दुसरी पाटी आणायला पळाला.